टाकी फुल करून: एका डिझेलखाऊ गाडीचा दोन वर्षांचा हिशेब

ऑक्टोबर २०२१ मध्ये आमच्याकडे डिझेलने शंभरी ओलांडली, तेव्हा भाऊच्या प्लॉटवर अकरा गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या सात मोठ्या. लहान गाडी आली की आठवड्यात जायची. मोठ्यांवर मात्र जिनिंगमधून उडणारी रुई बसत होती आणि पोरगा रोज सकाळी फडकं मारत होता.

दारव्हा-दिग्रस भागातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो आणि गाड्यांच्या नावबदलाचे कागद करतो. त्यामुळे या एका व्यवहाराच्या तिन्ही बाजू माझ्या टेबलावरून गेल्या: विकणाऱ्याची वही, घेणाऱ्याचं आरसी बुक आणि पुढे घेणाऱ्याच्या बायकोची डायरी. नावं देत नाही. दोघंही रोज बाजारात भेटतात आणि दोघांचाही चहा मी पितो. विकणाऱ्याला सगळे भाऊ म्हणतात, घेणाऱ्याला पाटील. आपण तेच म्हणू.

गाडी कुठून आली

डिसेंबर २००८ ची पासिंग, एमएच-३१, म्हणजे नागपूरची. अडीच लिटरच्या वरचं डिझेल इंजिन, सात सीट, माणसं बसली की वजन अडीच टनांच्या घरात. पहिला मालक ठेकेदार. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही, अशा गाड्या दोन-तीन कंपन्यांच्या होत्या आणि पिण्याच्या बाबतीत सगळ्या बहिणी.

त्या ठेकेदाराने २००८ मध्ये काही चूक केली नव्हती. तेव्हा डिझेलचा दर सरकार धरून ठेवत होतं आणि पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे पंधरा रुपयांच्या आसपास फरक होता. जून २०१० मध्ये पेट्रोल मोकळं झालं, डिझेल तसंच राहिलं, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात हा फरक तीस रुपयांच्या घरात गेला. मोठी गाडी, मोठं इंजिन, तरी किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या लहान गाडीच्या जवळपास. कोण नाही घेणार? जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांपर्यंत वाढवायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं आणि जून २०१७ पासून दर रोज सकाळी बदलू लागले. ज्या हिशेबावर ती गाडी घेतली होती तो हिशेब गेला, गाडी राहिली.

आता इथे एक गोष्ट होते, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. डिझेल महागलं की जास्त पिणारी गाडी रस्त्यावरून जात नाही. ती भंगारातही जात नाही. तिची किंमत पडते आणि किंमत पडली की ती खाली सरकते: नागपूरहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून खेड्यात. ज्याला टाकी भरणं सगळ्यात सोपं होतं त्याने ती सोडली आणि ज्याला सगळ्यात अवघड त्याने धरली. कारण त्याला परवडण्यासारखी दुसरी कोणती चारचाकी बाजारात नव्हतीच. गाडीची किंमत उतरली तेवढी रक्कम टाकीत चढली, एवढाच फरक.

जून २०२१ मध्ये भाऊने ती २,३५,००० ला उचलली. डेंटिंग-पेंटिंग, दोन टायर, बॅटरी मिळून २८,००० लागले. पैसा स्वतःचा नव्हता, शेकडा दीडने आणलेला. म्हणजे उभी गाडी महिन्याला जवळजवळ चार हजार रुपये खात होती, एक थेंब डिझेल न पिता. भाऊला कोणी लबाड म्हटलं की मला हा आकडा आठवतो. पितळ उघडं पडायची वेळ आली की माणूस खोटं बोलतो, पण व्याज चढायची वेळ आली तर त्याहून लवकर बोलतो.

सौदा

पाटलाचं चौदा एकर रान. कापूस, सोयाबीन, बांधाला तूर. गावापासून शेतापर्यंत तीन किलोमीटरची पांदण, काळ्या मातीची. ज्याने आषाढात काळ्या मातीची पांदण पाहिली नाही त्याला हे प्रकरण अर्धंच कळेल. मोटारसायकलच्या चाकात आणि मडगार्डमध्ये गारा, म्हणजे चिखल, असा घट्ट बसतो की चाक फिरत नाही, उतरून काडीने खोदावं लागतं. बैलबंडी किंवा ट्रॅक्टर, नाहीतर उंच गाडी. सरकारने मातोश्रींच्या नावाने पांदण रस्त्यांची योजना आणली आहे, काही गावांत खडी पडलीही. या गावात तेव्हा पडली नव्हती. म्हणजे ‘शेतकऱ्याला कशाला पाहिजे एवढी मोठी गाडी’ हा शहरातला प्रश्न इथे जसाच्या तसा लागू होत नाही. गाडीची उंची ही अर्धी गरज आणि अर्धी हौस होती. हौशीचा भागही लपवण्यासारखा नाही. मुलीची सोयरीक बघत होते आणि पाहुणे आले की दारात काहीतरी उभं असावं असं पाटलाला वाटत होतं.

त्या वर्षी हातात पैसाही येणार असं दिसत होतं. ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास जाऊन आलं होतं (पाटलाचं सोयाबीन तेव्हा शेतात होतं, घरात नव्हतं, हा आपला नेहमीचा योग) आणि कापसाची चाल चांगली होती.

सौदा माझ्यासमोर झाला. मी कागदांसाठी बसलो होतो.

“पाटील, तीन लाखात एवढी मोठी गाडी कोठी भेटते, सांगा बरं?”

“थे ठीक हाय भाऊ. पन डिझेल किती पेते?”

“अकरा-बारा देते हायवेले. अन् टाकी फुल करून देतो, जा.”

तीन लाख पाच हजारांवर हात मिळाले. पाटलाने अकरा हजार इसार दिला, आठ दिवसांनी बाकी.

त्या फुल टाकीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण भाऊची सगळी विद्या तिच्यात होती. पंचावन्न लिटर, त्या दिवशीच्या दराने साडेपाच हजारांच्या जरा वर. तेवढेच पैसे त्याने किमतीत कमी केले असते तर पाटलाच्या लक्षातही आले नसते. तीन लाखांत साडेपाच हजार म्हणजे काय! पण फुल टाकीने पाटलाला गाडीचा एक आठवडा असा मिळाला की ती फुकट चालते. यवतमाळ झालं, सासुरवाडी झाली, पोहरादेवीचं दर्शन झालं. काटा हळूहळू खाली आला, तोवर गाडी घरची झाली होती.

‘अकरा-बारा’ हेही सरळ खोटं नव्हतं. रिकामी गाडी, नवा डांबरी रस्ता, एसी बंद, ताशी साठ-पासष्टचा वेग, एकटा ड्रायव्हर: देतही असेल. पाटील त्या गाडीत कधीच एकटा बसणार नव्हता, एवढं सोडून.

भाऊला काय उरलं, तेही सांगून टाकतो, कारण पाटलाच्या गावात आकडा लाखाचा सांगतात. ३,०५,००० मधून खरेदी आणि दुरुस्तीचे २,६३,००० गेले, साडेचार महिन्यांचं व्याज पावणेअठरा हजार, डिझेल साडेपाच हजारांच्या वर, गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाचे पाच हजार. हाती साडेतेरा हजारांच्या आसपास. साडेचार महिन्यांची कमाई.

मी केलेला हिशेब, आणि त्यातली चूक

इसार दिल्यावर पाटील संध्याकाळी माझ्याकडे आला. अजून सात दिवस होते. त्याच प्लॉटवर दीड लिटर इंजिनची, तशीच उंच, चार वर्षं जुनी दुसरी एक गाडी ४,९०,००० ला उभी होती. पंधराचा ॲव्हरेज सहज देणारी. “कोनती घेऊ?” म्हणाला.

मी कागदावर मांडलं. दोन गाड्यांच्या किमतीत १,८५,००० चा फरक. पतसंस्थेतून उचलले तर शेकडा एकने महिन्याला १,८५० व्याज. डिझेल शंभर धरलं. मोठी गाडी खेड्यात नऊ देईल असा माझा अंदाज, म्हणजे किलोमीटरला ११ रुपये ११ पैसे. दुसरी पंधरा, म्हणजे ६ रुपये ६७ पैसे. फरक ४ रुपये ४४ पैसे. १,८५० ला त्याने भागलं की येतात साधारण ४१५ किलोमीटर. महिन्याला याहून कमी चालवली तर जास्त पिणारी गाडी स्वस्त, याहून जास्त चालवली तर महाग.

विमा धरला की ही रेषा खाली येते. दीड लिटरच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता तेव्हा वर्षाला ७,८९० होता आणि हजार ते दीड हजार सीसीचा ३,२२१, जीएसटी वेगळा. महिन्याला चारशेच्या आसपास फरक पडतो. तो धरून रेषा ३३० किलोमीटरवर येते.

“महिन्याले किती चालवसान?” मी विचारलं.

पाटलाने बोटांवर मोजलं. आठवड्याचा बाजार, कृषी केंद्र, महिन्यातून एकदा यवतमाळ, पावसाळ्यात शेत. “तीनशे. लय झालं तं साडेतीनशे.”

मग घ्या, म्हटलं. तीनशे-साडेतीनशेला दोन्ही सारख्याच पडत होत्या आणि एकीला पावणेदोन लाखांचं कर्ज लागत नव्हतं. शेतकऱ्याला कर्ज कमी लागावं, हा माझा जुना पूर्वग्रहही त्यात होताच.

या सल्ल्यात दोन चुका होत्या. एक माझी, हिशेबातली: गाडी पुढे विकताना काय येईल ते मी धरलंच नाही. तेरा वर्षांची गाडी आणि चार वर्षांची गाडी सारख्या उतरत नाहीत, आणि पंधरा वर्षांची पासिंग संपायला दोन वर्षंच उरली होती. दुसरी चूक पाटलाची, पण ती त्याला दोष देण्यासारखी नाही. खेड्यातली चारचाकी किती चालेल हे मालक ठरवत नाही.

संपाचा हिवाळा

गाडी दारात आली आणि दोन आठवड्यांत एसटी बंद पडली. राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला आणि नोव्हेंबरात डेपोच्या डेपो बंद झाले. पाटलाच्या गावात दिवसाला दोन फेऱ्या होत्या. दोन्ही गेल्या. ग्रामीण भागातल्या वरच्या वर्गांच्या शाळा ४ ऑक्टोबरला, कोरोनानंतर, नुकत्याच उघडल्या होत्या. तालुक्याला जाणाऱ्या मुलींचा एसटीचा पास मोफत असतो. पास हातात, गाडी नाही.

गावात चारचाकी एकूण तीन. एक सरपंचाची, ती मिळत नसे. एक काळीपिवळी, ती ठासून भरून सकाळीच निघून जाई. तिसरी पाटलाची.

त्यात ४ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे दहा रुपयांनी कमी केला. दर त्र्याण्णवच्या आसपास आला आणि साडेचार महिने हलला नाही. डिझेल स्वस्त झालं असं सगळ्यांना वाटलं. शंभरीवरून खाली आलेलं त्र्याण्णव स्वस्त वाटतं, हीच गंमत. त्याच डिझेलला वर्षभरापूर्वी लोकांनी शिव्या घातल्या असत्या.

पाटलाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्या काळात डायरी ठेवली. मुळात ती दुधाच्या हिशेबाची डायरी. मागच्या पानांवर मीटरचे आकडे आहेत, शेजारी कोणी नेली आणि किती दिले. नोव्हेंबर ते एप्रिल, सहा महिन्यांत १०,४०० किलोमीटर. महिन्याला सतराशेच्या वर. आम्ही रेषा काढली होती ३३० ला.

यातले स्वतःचे २,९००. म्हणजे महिन्याला पाचशेच्या आत, पाटलाच्या अंदाजापेक्षा थोडे जास्त, पण फार नाही. उरलेले ७,५०० गावाचे.

गावाचे म्हणजे काय? डायरीतली एक नोंद घ्या. रात्री दीड वाजता शेजारच्या गल्लीतल्या पोराला साप चावला. १०८ ला फोन केला, गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. पाटील उठला. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजपर्यंत ६२ किलोमीटर, जाऊन-येऊन १२४. नऊच्या ॲव्हरेजने पावणेचौदा लिटर, त्या दराने बाराशे ऐंशी रुपये. पोराच्या बापाने येताना पंपावर पाचशेचं टाकलं. त्याच्या खिशात तेवढेच होते आणि त्याने ते सगळे टाकले. पोरगा वाचला. आता पाटील त्याला उरलेले सातशे ऐंशी कोणत्या तोंडाने मागणार? मागूही नये.

पण लग्नाच्या नोंदीही आहेत. नवरदेवासाठी गाडी नेली, दोन दिवस, २३० किलोमीटर, सजावटीची टेप लावून परत आली, रंगावर डाग. ‘डिझेल टाकलं’ अशी वहिनींची नोंद आहे आणि पुढे कंसात ‘पाचशे’. पाचशे हा आमच्याकडे डिझेलचा दर नाही, रीत आहे. डिझेल पंचावन्न रुपये होतं तेव्हाही शेजारी पाचशेचंच टाकत होता आणि शंभर झालं तेव्हाही पाचशेचंच टाकतो. ज्या काळात पाचशेत नऊ लिटर येत होतं तेव्हा रीत न्याय्य होती. दर बदलला, रीत बदलली नाही, आणि मधला फरक गाडीवाल्याच्या अंगावर पडला. पंधराचा ॲव्हरेज देणाऱ्या गाडीत हा फरक खपून गेला असता. नऊवाल्यात नाही खपला.

मी बेरीज केली. गावाच्या ७,५०० किलोमीटरला साधारण सव्वाआठशे-साडेआठशे लिटर, म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजारांचं डिझेल. लोकांनी टाकलेलं ३६,५००. जवळजवळ बेचाळीस हजारांची तूट.

ही तूट पाटलाला सहा महिने दिसली नाही, कारण ती पंपावर जमा होत होती. तालुक्याच्या पंपवाल्याकडे खातं होतं. गाडी उभी करायची, ‘हजाराचं टाक’ म्हणायचं, पोरगा वहीत लिहायचा. २२ मार्चपासून दर पुन्हा चढू लागले आणि सोळा दिवसांत चौदा वेळा वाढून लिटरमागे दहा रुपये वर गेले, तेव्हा पंपवाल्याने सगळ्यांच्या वह्या उघडल्या. पाटलाची उधारी एप्रिलअखेर अडतीस हजार. जानेवारीत त्याने साडेनऊ हजारांच्या भावाने कापूस विकला होता. त्या भावाने चार क्विंटल. आमच्या कोरडवाहू रानात चार क्विंटल म्हणजे एका एकराचा कापूस, वेचणीच्या बायांच्या मजुरीसकट.

तुम्ही म्हणाल, भाडं का नाही घेतलं? घेता येत नव्हतं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी. परवाना नसताना भाड्याने माणसं नेली आणि वाटेत काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते, आणि मी स्वतः पाटलाला ते आधी सांगून ठेवलं होतं. काळीपिवळीवाला माणशी तीस घेत होता. पाटील काहीच घेत नव्हता आणि वर ‘मोठी गाडीवाला’ म्हणून त्याच्याकडे वर्गणी मागायला लोक आधी येत होते.

मिस्त्री

उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि एसटी हळूहळू सुरू झाली. मे महिन्यात गाडी पहिल्यांदा आठ दिवस मोकळी झाली.

मी पाटलाला टाकी ते टाकी करायला लावलं. पंपावर नोझल कट होईपर्यंत भरायचं, मीटर लिहायचं, चालवायची, पुन्हा त्याच पंपावर कट होईपर्यंत भरायचं. २१२ किलोमीटरला साडेतेवीस लिटर. नऊ. माझा अंदाज बरोबर निघाला याचा मला थोडा आनंद झाला, तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

मिस्त्रीने गाडी उघडली. एअर फिल्टर रुई आणि मातीने असा बसला होता की हातात घेतल्यावर नमदा वाटावा. मागच्या चाकांचे ब्रेक चिकटत होते. गाडी सहा महिने ब्रेक लावून चालत होती म्हणा. टायरमध्ये हवा कमी, कारण पांदणीत मऊ बरी पडते म्हणून पाटील मुद्दाम कमी ठेवायचा आणि डांबरीवर आल्यावर वाढवायचा कोण? दोन इंजेक्टर खराब. सगळं मिळून साडेअकरा हजार. पुन्हा टाकी ते टाकी: दहा पॉइंट चार.

याचा हिशेब मला अजून खटकतो. डिझेल ९६ धरलं तर दुरुस्तीने किलोमीटरला एक रुपया चव्वेचाळीस पैसे वाचत होते. साडेअकरा हजार निघायला आठ हजार किलोमीटर लागतात. हेच काम नोव्हेंबरात केलं असतं तर मार्च संपता संपता पैसे वसूल होऊन वर नफा. पण नोव्हेंबरात गाडीला एका दिवसाची सवड नव्हती. मे नंतर ती पुन्हा महिन्याला चारशेवर आली. त्या गतीने वीस महिने. खर्च तेव्हा झाला जेव्हा त्याची गरज सरली होती.

त्या वर्षी दर उतरलेही. २२ मे ला केंद्राने डिझेलवर सहा रुपये कमी केले, जुलैत राज्याने व्हॅटमध्ये तीन. पाटलाला त्याचा काही उपयोग झाला का? चारशे किलोमीटरला अडतीस-एकोणचाळीस लिटर, नऊ रुपयांनी साडेतीनशे रुपये महिना. वहिनी म्हणाल्या, “साडेतीनशे वाचले म्हनून तुमचे पाटील शेगावले जाऊन आले.” अकोला मार्गे शेगाव. ती नोंदही डायरीत आहे.

वहिनींनी मात्र एक नियम केला. गाडी मागायला कोणी आलं की किल्ली त्या देणार, पाटील नाही. दवाखान्याला असेल तर काही न विचारता. लग्नाला, देवाला, पाहुण्याला असेल तर टाकी जेवढी नेली तेवढी भरून आणायची. त्यावरून भावकीत दोन घरांशी बोलणं बंद झालं. एक अजून बंद आहे.

दोन वर्षांनी

डिसेंबर २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरत होती. पुन्हा पासिंग करायचं तर फी पाच हजार (एप्रिल २०२२ पासून एवढी झाली), वर पर्यावरण कर, आणि गाडी दाखवण्याजोगी करायला पत्र्याचं काम, टायर. चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या खाली ते निघत नव्हतं. पाटलाने ऑक्टोबरातच गाडी भाऊच्या प्लॉटवर नेऊन उभी केली.

भाऊने १,४०,००० दिले. म्हणजे तीन लाख पाचला घेतलेली गाडी चोवीस महिन्यांत १,६५,००० उतरली, महिन्याला सहा हजार आठशेच्या पुढे. हा तो आकडा, जो माझ्या कागदावर नव्हता. तेव्हाची चार नव्वदची दुसरी गाडी आता काय आली असती असं मी भाऊला विचारलं. “चार लाखाले आज कोनीबी उचलते,” म्हणाला. नव्वद हजारांची उतार. सगळं एकत्र केलं तर पाटलाने संप झाला नसता तरी दुसरी गाडी घ्यायला हवी होती, आणि संप झाल्यावर तर हवीच होती. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “तवा पावनेदोन लाख कोन देनार होतं जी?” त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पतसंस्थेकडे त्याचं जुनं कर्ज थकीत होतं, ते मला नंतर कळलं. म्हणजे मी ज्या दोन गाड्यांची तुलना शांतपणे करत होतो त्यातली एक त्याच्यासाठी प्लॉटवर नव्हतीच.

मुलीचं लग्न मात्र त्या गाडीतून झालं. सासरच्यांनी गाडीबद्दल काही विचारलं नाही, असं वहिनी सांगतात.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली, दीड लिटरपर्यंतची डिझेल गाडी सेससह एकतीस टक्क्यांवरून अठरावर आली; बोलेरो यात बसते. मोठ्या गाड्यांचा कर सेससह पन्नासपर्यंत होता, तो सरसकट चाळीस झाला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव तिच्यामागे खाली येतो, त्यामुळे भाऊच्या प्लॉटवरच्या मालाची किंमत एका रात्रीत पडली. तो आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हता, जसं काही जीएसटी परिषदेत मीच बसलो होतो. पण पडलेल्या भावाने त्याच्याकडे गिऱ्हाईक वाढलं, आणि जे वाढलं ते पुन्हा मोठ्या गाडीकडेच बघतं.

पाटलाच्या गाडीचं राहिलं. भाऊने तिचं पुन्हा पासिंग स्वतः करून घेतलं आणि जानेवारी २०२४ मध्ये ती झरी जामणीकडच्या एका तरुणाला २,०५,००० ला दिली. त्याचं सहा एकर रान, रस्ता पाटलाच्या पांदणीपेक्षा वाईट, गावात दुसरी चारचाकी नाही. गाडीची नोंद आता यवतमाळ आरटीओकडेच (एमएच-२९) होती आणि घेणाराही याच जिल्ह्यातला, त्यामुळे एनओसीची, म्हणजे ना-हरकत दाखल्याची, भानगड नव्हती. नावबदलाचे फॉर्म २९ आणि ३० मीच भरत होतो. पोरगा गाडीभोवती दोनदा फिरला, बोनेटवर हात ठेवला.

“ॲव्हरेज किती देते जी?”

भाऊने माझ्याकडे पाहिलं नाही. “अकरा-बारा देते हायवेले,” म्हणाला. “अन् टाकी फुल करून देतो.”

मी फॉर्मवर चेसिस नंबर लिहीत होतो. तो दोनदा तपासला आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला.